न दिसणाऱ्या जिऱ्यांचा सोहळा

माशांच्या इवल्या पिल्लांना जिरे म्हणतात, हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. सरकारी मत्स्यबीज केंद्रातून मी त्याला फोन केला आणि जिरे घेऊन चिचगडकडे निघतेय म्हणाले, तर तो म्हणाला, मोहरीपण संपली आहे.

माझा मामा चिचगडजवळच्या एका गावात मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष आहे. जिऱ्यांना ऊन सोसत नाही आणि माझ्या गाडीला एसी आहे, एवढ्यावरून त्याने मला या कामाला जुंपलं. केंद्रात सिमेंटची गोल टाकी होती, तिच्यात पाणी गरगर फिरत होतं. इंजेक्शन दिलेल्या रोहू-कतल्यांची अंडी तिथे फुटतात आणि तिथूनच आसपासच्या तलावांना बी जातं. मी डोळे फाडून पाहिलं, मला पाणीच दिसलं. मग कर्मचाऱ्याने बशीत थोडं पाणी घेतलं, तेव्हा कुठे डोळे असलेले काही दोरे वळवळताना दिसले. हे आधी बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, वाढवायचे आणि बोटाएवढे झाले की मोठ्या तलावात सोडायचे. म्हणजे गावाची पुढची सगळी मासेमारी त्या पाण्यात होती. मला हसू आलं, मामाला नाही. मागच्या साली बी मेलं, जाळी खुंटीलाच राहिली आणि संस्थेतली माणसं मजुरीला रायपूरकडे गेली. यंदाही मेलं तर संस्थेत एकटा अध्यक्षच उरेल, असं तो म्हणाला.

ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या मागच्या सीटवर निजवल्या. जिऱ्यांसाठी एसी असा लावला की मामा माझी ओढणी गुंडाळून बसला.

गावात बोडीच्या काठावर जिरे सोडण्याच्या सोहळ्याचा मंडप. पिशव्या थेट पाण्यात जायला हव्या होत्या, त्या गेल्या टेबलावर. त्यांना हार घालण्यात आले. प्रमुख पाहुणे देवरीहून फोनवर "बस, निकल रहे हैं" असं सांगत होते, आणि ते आल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत असं आयोजकांनी बजावलं. ऊन चढलं. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा मामा पिशव्यांवर हात ठेवून पाहत होता. मला त्या हारांचा भयंकर राग आला.

शेवटी मामा माझ्या कानाशी आला. "बाई, मी सोडून राहिलो आता. जिरे काय भाषण ऐकाले आले काय?"

मंडपामागे आम्ही दोघांनी पिशव्या बोडीत तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं आणि हळूच तोंडं उघडली. एका पिशवीत बोडीचंच पाणी भरून, फुगवून, हार घालून ती परत टेबलावर नेऊन ठेवली.

पाहुणे आले. बोडीचं पाणी त्यांनी मोठ्या भक्तिभावाने बोडीत ओतलं. टाळ्या पडल्या. ते वाकून पाहू लागले. म्हणाले, "दिसून नाही राहिले काही."

मामा शांतपणे म्हणाला, "जिते असले का दिसत नाही जी. मेले का पांढरे पडतात, मंग दिसतात. मागच्या साली समदे दिसले होते."

पाहुण्यांच्या कानावर तेवढं शेवटचंच पडलं. "मग यंदाही दिसले पाहिजेत," असं आयोजकांना बजावून ते गाडीत बसले.