वल्लरीचं पुढचं चाक

गिरगावातले वेलकर म्हणजे तीन पिढ्या खुर्चीवर बसून पोट भरणारं घराणं. आजोबा कोर्टात कारकून, मनमोहन वेलकर सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क, मुलगा विहंग सीए. धाकट्या वल्लरीने मात्र बी.कॉम. झाल्यावर जिन्यावरून गडगडत खाली यायचा धंदा धरला. मनमोहनरावांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, ‘ती फिल्म लाइनमध्ये मॅनेजमेंटला आहे.’ हे वाक्य ते इतक्या सफाईने म्हणत की काही दिवसांनी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

वल्लरी डुप्लिकेट होती. म्हणजे सिनेमातली नायिका पडणार असेल, बुडणार असेल, तिच्या पदराला आग लागणार असेल, तर तिचे कपडे घालून तिच्याऐवजी पडायचं, बुडायचं, पेटायचं. आणि हे सगळं तोंड न दाखवता. पाच वर्षांत वल्लरीचा खांदा दोनदा निखळला होता. त्याचं तिला काही वाटत नसे. तिला डाचायचं ते वेगळंच. प्रसंगात मोटारसायकल आली, की फाइट मास्टर जयवंत तिच्याकडे न बघताच हाक मारायचा, “राकेश, विग लाव.”

राकेश लालबागचा. वय पंचेचाळीस, अंगाने दणकट, मनाने सरळ. गेली पंधरा-सोळा वर्षं मिशी सफाचट करून, पंजाबी ड्रेस घालून, कितीतरी नायिकांच्या गाड्या त्यानेच पळवल्या होत्या. नायिका काय जिगरबाज आहे म्हणून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या असणार, उगाच मान हलवू नका.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक सिनेमा आला. नायिका कोळ्याची पोर. सबंध सिनेमाभर जीन्समध्ये वावरणारी ही मुलगी शेवटी नऊवारी नेसून मोटारसायकलवर बसते आणि पुढचं चाक हवेत उचलून थेट व्हिलनच्या मांडवात घुसते. पोरं ज्याला व्हीली म्हणतात ती. तीही साठ फूट. वल्लरी सरळ जयवंतसमोर जाऊन उभी राहिली.

“मास्टर, हे मी करणार.”

“चाक उचलता येतं तुला?”

“नाही. तीन महिने आहेत ना?”

जयवंत हसला. “शीक. शूटिंगच्या आधी रिहर्सलला दाखव. जमलं तर तू, नाय तर राकेश हाय.”

आता शिकायचं कोणाकडे? मुंबईत चाक उचलणारी टाळकी खंडीभर आहेत, पण शिकवण्याजोगा माणूस तिच्या पाहण्यात एकच होता, आणि त्याचंच काम तिला हवं होतं. ती चिंचपोकळीला गेली. तिथे एका गॅरेजमध्ये राकेश मोकळ्या वेळात गाड्या दुरुस्त करायचा.

“राकेशदादा, मला व्हीली शिकव.”

“माझं काम तू घेणार, आणि शिकवू पण मीच?”

“हो.”

हे ‘हो’ तिने इतकं साधेपणाने म्हटलं, की राकेशने हातातला पाना खाली ठेवला. “रविवारी सकाळी सातला ये,” तो म्हणाला. “बूट घालून. चपला घालून आलीस तर परत पाठवीन.”

लालबागला एका बंद पडलेल्या गिरणीचं आवार शूटिंगवाल्यांनी भाड्याने घेतलं होतं. आत सपाट सिमेंट, बाहेर कुलूप. तिथे शिकवणी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस राकेशने तिला चाक उचलूच दिलं नाही. गाडी चालव आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक दाब, एवढंच. वल्लरी वैतागली.

“उचलायला काय, कोण पण उचलतो,” राकेश म्हणाला. “क्लच सोडला, रेस दिली, झालं. खाली आणता आलं पायजे. चाक जास्त वर गेलं तर हातातल्या ब्रेकचा काय उपयोग? ते चाक हवेत. तिथं फक्त हा पाय वाचवतो. झोपेत पण हा पाय हलला पायजे.”

झोपेतही हलू लागला. वल्लरीची आई सकाळी चादर सारखी करताना बघायची, तर लेकीच्या उजव्या पायाशी चादरीचा बोळा झालेला. मग कुठे चाक वीतभर उठलं, मग हातभर. वर गेलं की वल्लरी घाबरून रेस सोडायची आणि चाक दाणकन आपटायचं. मनगटं सुजली. घरी पप्पांसमोर ती पूर्ण बाह्यांचे टॉप घालून जेवायला बसू लागली. तरी एकही रविवार चुकला नाही. दहा फूट झाले, तीस झाले, आणि अकराव्या आठवड्यात हेल्मेटखाली ओठ घट्ट मिटून तिने सत्तर फूट चाक खाली टेकू दिलं नाही.  राकेशने तिच्यासाठी चहा आणला, आणि ती गाडीवरून उतरेपर्यंत पेला धरून उभा राहिला. चांगल्या गुरूची मला वाटतं एवढीच ओळख पुरेशी आहे.

रिहर्सलच्या गुरुवारी ड्रेस डिझायनर रुचाने तिच्या हातात नऊवारी ठेवली. शिवलेली. चेनची, इलॅस्टिकची, दोन मिनिटांत पाय घालून चढवायची. काष्टा सुबक, निऱ्या घोट्यापर्यंत लोळणाऱ्या. वल्लरीने क्लच सोडला, चाक झक्कास उठलं, जरा जास्तच उठलं. उजवा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच अडकला. निऱ्यांचा घोळ ब्रेक आणि फूटरेस्टच्या मध्ये शिरला होता. गाडी तिच्या हातून निसटून मागे उलटली. ती पाठीवर पडली, डावं कोपर सोलवटून निघालं. हाड शाबूत राहिलं हे नशीब.

जयवंत धावत आला. ती धड आहे हे बघितलं आणि मग म्हणाला, “बस झालं. परवा राकेश करेल.”

ती साडीबद्दल सांगू लागली, पण पडलेल्या माणसाचं कारण कोण ऐकून घेतो? शिवलेली नऊवारी पिशवीत कोंबून वल्लरी घरी आली. त्या दिवशी ती रडली. पडली म्हणून नव्हे, तर ‘बाईला गाडी नको’ हे आता पुढली दहा वर्षं तिच्या नावाने सांगितलं जाणार होतं म्हणून.

शुक्रवारी सकाळी सुंदराबाई आल्या. वरळी कोळीवाड्याच्या. वेलकरांकडे तीस वर्षं त्यांच्याच पाटीतलं पापलेट शिजतं, आणि वल्लरीला त्यांनी लंगोटात पाहिलंय.

“काय गो बाय, हाताला काय झालं?”

वल्लरीने सगळं सांगितलं, पिशवीतली नऊवारी काढून दाखवली. सुंदराबाईंनी ती उलटीपालटी केली, चेन खालीवर केली आणि हसता हसता खालीच बसल्या.

“ही नऊवारी? ही तं उशीची खोल हाय! आन पिक्चरमधली पोर कोली ना? मंग कोलीण अशी पायघोल कवा नेसते? आमी चिखलात उतरतो, होडीत चढतो. पाय मोकला नको?”

गंमत बघा. दिग्दर्शक, डिझायनर, सहायक, सगळे वरळीच्या पुलावरून रोज ये-जा करणारे. पण कोळ्याच्या पोरीला त्यांनी लग्नाच्या हॉलवरची नऊवारी नेसवली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. वल्लरीच्या, माझ्या, तुमच्याही आलं नसतं.

सुंदराबाईंनी दुपारी बाजार आटोपून घरातलं स्वतःचं पातळ आणलं आणि वल्लरीला आडवं नेसवलं. गुडघ्यापर्यंत, मांड्यांना चापून, मागे घट्ट खोचलेलं. वल्लरी उकिडवी बसली, उठली, पाय झाडला. एक सूतही कुठे लोंबलं नाही. संध्याकाळपर्यंत तिने ते सहा वेळा सोडलं आणि सहा वेळा नेसलं.

शनिवारी ती न बोलावता सेटवर गेली, तेच पातळ नेसून. राकेश विग लावून, शिवलेली नऊवारी चढवून तयार होता. रुचा म्हणाली, “असं नाही चालणार. संध्याकाळी मॅडमचे क्लोजअप आहेत, त्या नऊवारीत. मॅच कसं होणार?” जयवंतनेही मान हलवली.

राकेश गाडीवर बसला. त्याने दोनतीनदा मागचा ब्रेक दाबून पाहिला, खाली वाकून निऱ्या सोडवल्या, पुन्हा दाबला. मग उतरला.

“मास्टर, पोरगी खोटं नव्हती बोलत. ह्याच्यात ब्रेक लागत नाय. मी नाय करणार.”

“मग तू तिच्यासारखं नेस!”

राकेशने शांतपणे नऊवारी गुडघ्यापर्यंत वर केली. त्या दोन केसाळ, गाठी आलेल्या पोटऱ्या बघून सेटवर असा हशा पिकला, की जयवंतलाही तोंड फिरवावं लागलं. “ह्या पोटऱ्यांची कोळीण चालत असंल तर नेसतो,” राकेश म्हणाला. मग हसू थांबलं आणि सगळे वल्लरीकडे बघू लागले.

गुडघे उघडे, म्हणजे पॅड नाही. हेल्मेट नाही. कोपर अजून ओलं. तिने गुडघ्यांवरची पॅडं सोडून राकेशच्या हातात दिली आणि गाडीवर बसली. क्लच सुटला. चाक उठलं, आणखी उठलं, परवा जिथे घात झाला त्याच उंचीवर आलं, आणि तिचा उजवा पाय हलला. जरासाच. चाक बोटभर खाली आलं आणि तिथेच राहिलं. मांडवापर्यंत साठ फूट, मांडवात आणखी वीस. मग तिने ते अलगद जमिनीवर ठेवलं. आवाजसुद्धा झाला नाही. मी आयुष्यात बरीच धाडसं बघितली, पण इतकं शहाणं धाडस क्वचित.

“ओके!” जयवंत ओरडला. मग स्वतःशीच पुटपुटला, “आता मॅच कसं करायचं?”

मॅच करायला एकच वाट उरली होती. चारच्या सुमारास प्रॉडक्शनची गाडी कोळीवाड्यातून सुंदराबाईंना घेऊन आली. आजवर वल्लरीने पन्नास नायिकांसारखं दिसण्यात पाच वर्षं घालवली होती. त्या संध्याकाळी नायिका हात पसरून उभी होती, सुंदराबाई तिला पातळ नेसवत होत्या, आणि नीट जमतंय ना हे बघायला वल्लरीला शेजारी उभं केलं होतं.

“आई गं, इतकं घट्ट?” नायिका म्हणाली. “मला तर नुसतं बसायचंय.”

“असू दे,” वल्लरी म्हणाली. “ब्रेक लागायला पाहिजे.”