निळी हवा

कपडे धुण्याच्या साबणाचा वास आला की खामगावचा ऑक्सिजनचा कारखाना आठवतो. हवा गार करत करत तिचा पाण्यासारखा द्रव करायचा आणि त्यातून ऑक्सिजन वेगळा काढायचा, असं ते यंत्र होतं. युद्ध पेटलं आणि ते बसवणारे परदेशी इंजिनिअर काम अर्धवट टाकून गेले. मागे उरलो मी, नवखा इंजिनिअर, आणि शेजारच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आलेले एक वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत. आम्ही यंत्र पुरं जोडलं, पण कुठेतरी गळत होतं आणि मालक ते भंगारात काढायच्या बेतात होते. चाचा एकेका सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुड्याची वाट पाहत बसत. शेवटी एका सकाळी त्यांनी हाक मारली, "साहेब, इकडं या, हा सांधा बोलून राह्यला." तो त्यांनीच डाख देऊन बुजवला. दोन दिवसांनी, बाहेर वैशाखाचं ऊन आणि सरकीचा वास दाटलेला असताना, नळ्यांवर पांढरा बर्फ चढला आणि काचेच्या भांड्यात धुक्याआड फिकट निळे थेंब साचू लागले. "हे हवाच हाय का?" चाचांनी कुजबुजत विचारलं. "हो, आपण श्वासात घेतो तीच." ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "साठ वर्षं घेऊन राह्यलो साहेब, पण पाह्यली आज." पुढे मी मोठमोठे कारखाने उभारले, तसं पाहणं मात्र मला पुन्हा जमलं नाही.