अर्ध्या मस्तकाची परीक्षा

आशा आणि संशय या दोघांना एकाच मस्तकावर, तेही मधोमध भांग पाडून, सुखाने नांदवणारा पुरुष या भूतलावर एकच झाला आणि तो माझ्या भाग्याने माझा व्याही झाला, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो. माझे आयुष्य दुर्गला शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. श्रद्धा हाच माझा स्वभाव. व्याह्यांनी मात्र नोकरीची सारी वर्षे भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात घालवली आणि निवृत्तीनंतरही ती सवय सोडली नाही. सोयरीक ठरवायला दुर्गच्या पद्मनाभपुरला आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला उजेडात धरून न्याहाळला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "पानी चांगलं आहे. आता पोराले बोलवा." पोरगा पसंत पडला, पण त्याच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांकडे ते जरा वेळ सचिंत पाहत राहिले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

ती चिंता अनुभवातून आलेली होती. कारखान्यात रुजू झाल्यावर थोड्याच काळात त्यांचे केस गळाले आणि मस्तक घासलेल्या तांब्यासारखे लखलखू लागले. त्यांना स्वतःला त्याचे फारसे दुःख नव्हते. दुःख होते त्यांच्या आईला. भंडाऱ्याकडची धानशेती सोडून मुलाला कारखान्यात पाठवण्याचा हट्ट तिचाच होता. त्यामुळे प्रत्येक सणाला, मुलगा पाया पडला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणायची, "भट्टीनं खाल्ले माह्या पोराचे केसं. मीच धाडलं होतं त्याले." पुढे तिची दृष्टी गेली, तरी हात आणि वाक्य तेच राहिले. आपल्या आईच्या हाताला एकदा तरी केस लागावेत आणि तिच्या मनावरचे हे ओझे उतरावे, एवढी एकच लालसा या निरिच्छ माणसाने जन्मभर बाळगली.

म्हणून केसांच्या औषधांविषयी त्यांच्याइतका आशावादी मनुष्य सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका संशयीही नाही. जगात कुठे निजलेली केसमुळे जागी करण्याचे संशोधन चालू आहे, कुठे पेशींपासून केस वाढवू पाहत आहेत, हे सारे ते भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरच्या ओसरीवर बसून मला पुराण सांगावे तशा भक्तीने सांगत. आणि सांगून झाले की स्वतःच त्या पुराणावर पाणी ओतत. उंदराच्या पाठीवर केस उगवल्याची बातमी आली, तेव्हा वर्तमानपत्राची घडी करत म्हणाले, "व्याहीबुवा, उंदराइचं फार चांगलं चालून राहिलं. पन उंदीर टकला होता कधी?" केस रोवून देणाऱ्या एका दुकानदाराने त्यांना आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली. यांनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि परत देताना नम्रपणे सांगितले, "भाईसाहब, पहिले में ट्यूबलाइट है, दूसरे में धूप है. लाइट बदली है, बाल नहीं." कांद्याचा रस, माका, जास्वंद यांपैकी काही कोणी सुचवले की ते विचारीत, "कोनाले आले? तो मानूस दाखवा." माणूस कधी कोणी दाखवला नाही.

अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नव्याने आलेले एक द्रावण लिहून दिले, रोज थेंब थेंब लावण्याचे. येथे माझ्या व्याह्यांमधला प्रयोगशाळेचा मनुष्य जागा झाला. त्यांनी नाकाच्या शेंड्यापासून मानेपर्यंत मनात एक रेघ ओढली आणि औषध फक्त डाव्या अर्ध्या भागावर लावले. उजवा अर्धा त्यांनी तुलनेसाठी कोरा ठेवला. पुढच्या खेपेस बाईंनी कपाळावर हात मारला. "अंकल, आधे सिर पर दवाई कौन लगाता है?" हे शांतपणे म्हणाले, "मॅडम, दोनों तरफ लगाऊँगा तो पता कैसे चलेगा, दवाई ने किया कि भगवान ने?" हे त्यांनी मला सांगितले, तेव्हा मी शेंडी राखणारा मनुष्य असूनही मला तो प्रश्न अश्रद्ध वाटला नाही. देवाच्या नावावर औषधाचे श्रेय खपवू नये, एवढी देवाविषयीची काळजी मी फार थोड्या भाविकांत पाहिली आहे.

आणि केस आले. धानाचे परे टाकल्यावर वाफ्यात पहिली हिरवी लव दिसावी, तशी आधी नुसती लव, मग चांगले काळेपांढरे, बोटांत धरता येतील असे केस. आणि तेही फक्त डावीकडे. रोज एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात त्यांचे छायाचित्र काढण्याचे काम विहीणबाईंकडे होते. त्या म्हणत, "याइच्या डोक्याचेच फोटो भरले फोनात. नातवाचा फोटो काढाले जागा नाही." बाजारात डावी बाजू दिसेल असे गेले तर छत्तीसगढी भाजीवाली विचारी, "का लेबे भइया?" आणि पिशवी घेऊन वळले की तीच आजोबा समजून म्हणे, "अउ का लेबे बबा?" लग्नसमारंभात नातेवाईक त्यांना आग्रहाने छायाचित्राच्या उजव्या टोकाला, आत वळून उभे करीत, म्हणजे डावी बाजू पुढे येईल. त्यांनी कधी टोपी घातली नाही. प्रयोग झाकून ठेवला की तो बिघडतो, असे त्यांचे मत होते.

आईला मात्र त्यांनी काहीच कळू दिले नव्हते. केस पुरेसे दाट होईपर्यंत पाया पडताना ते नेमाने उजवी बाजू तिच्या हाताखाली देत. दसऱ्याचा मुहूर्त त्यांनी ठरवला. मी सोने द्यायला गेलो होतो, म्हणून ते दृश्य माझ्या भाग्यात आले. माउली खाटेवर बसली होती. व्याह्यांनी तिच्या ओंजळीत आपट्याची पाने ठेवली, वाकले आणि प्रथमच डावी बाजू पुढे केली. तिचा हात केसांवर आला आणि थबकला.

"कोन आहे रे बाबू तू?" ती प्रेमाने म्हणाली. "बस. सूनबाई, सोनं द्याले आला हा, चहा टाक त्याच्यासाठी."

"आई, मी आहो. मोठा."

"आवाज त आमच्या मोठ्यासारखाच काढतेस," ती हसली. "कोनाचा आहेस? मोठा आमचा येईनच आता."

विहीणबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या. व्याही क्षणभर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी मान फिरवली आणि उजवी, उघडी बाजू तिच्या हाताखाली दिली. हात त्या गुळगुळीत माथ्यावरून एकदा फिरला, आणि तिचा चेहरा उजळला.

"हा. हा माहा," ती म्हणाली. "कावून रे, दुसऱ्याले पुढं केलं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी औषध बंद केले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, खाज सुटली का, चक्कर आली का. हे म्हणाले, "नहीं मॅडम. माँ ने नहीं पहचाना." जन्मभर वाट पाहून मिळालेले केस ते पुढे हळूहळू जाऊ देत राहिले, आणि जाताना त्यांच्याकडे एकदाही आरशात पाहिले नाही, असे विहीणबाई सांगतात. मी त्यांना विचारले, खंत नाही वाटत? तर म्हणाले, "औषध पास झालं, व्याहीबुवा. नमुना पास झाला म्हंजे घरी न्याचाच असते, असं थोडं आहे?"

गेल्या माघात माउली शांतपणे गेली. अगदी शेवटपर्यंत तिचा हात त्यांच्या माथ्यावर होता आणि तो कोणाचा माथा, हे तिने एकदाही विचारले नाही.

परवा ओसरीवर त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडले. आणखी नवे, आणखी प्रभावी औषध येऊ घातले आहे. त्यांनी त्याचे गुण सांगितले, मग दोष सांगितले, मग दोन्हींचा ताळमेळ घातला. मी म्हणालो, "आता कोणाची अडचण आहे? या खेपेस दोन्ही बाजूंना लावा."

"लावीन म्हनतो," ते म्हणाले आणि समोरच्या गुलमोहराकडे पाहत राहिले. "पन मंग वर गेल्यावर कसं? तिकडं तिचे डोळे वापस आले असन त ठीक आहे. नसन आले, त बुढी हातानंच धुंडन ना मले."

औषधाच्या एका थेंबावरही पुराव्यावाचून विश्वास न ठेवणारा हा मनुष्य हे अगदी सहजपणे बोलला. परलोकाची वर्णने मी आयुष्यभर वाचली आणि मुलांकडून पाठ करून घेतली. तिथे दृष्टी परत मिळते किंवा नाही, हे मात्र मला त्यांना सांगता आले नाही.

"राहू द्या मग," मी म्हणालो.