बंदोबस्तादरम्यान

“मंजुरीचा आदेश कुठे आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

धुळ्याच्या कोर्टात माझ्या शेजारी दामूनाना उभे होते. गावात शाळेचे गणवेश शिवणारे शिंपी. एका पोलीस अधिकाऱ्याच्या काठीने त्यांचा उजवा डोळा गेला होता. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही, म्हणून त्यांचा वकील या नात्याने मी थेट कोर्टात फिर्याद दाखल केली होती.

सरकारी काम करताना अधिकाऱ्याकडून गुन्हा घडला, तर खटल्याआधी सरकारची मंजुरी लागते. कामाशी संबंध नसेल तर लागत नाही. फटका एकच, पण तो कोणत्या खान्यात बसवायचा यावर सगळं ठरतं.

मी म्हणालो, घरात घुसून मारणं हे सरकारी काम नव्हे. समोरचे वकील उठले आणि त्यांनी माझ्याच फिर्यादीतली ओळ वाचली: “रास्ता रोकोच्या बंदोबस्तादरम्यान आरोपीने फिर्यादीस काठीने मारहाण केली.”

मी माझ्या प्रतीत ती ओळ शोधली.

नानांनी मला ऑफिसात नीट सांगितलं होतं. रस्ता मोकळा होऊन दोन तास झाले होते. एसटी सुरू झाल्या होत्या. नाना घरी शिलाई मशीनवर बसले होते. लाठीमाराचा व्हिडिओ कोणी काढला, असं विचारत तो अधिकारी आत आला. जळगावला जाणारी गाडी चुकू नये म्हणून मी घाईत, नेहमीच्या साच्यातली ओळ टाईप केली होती.

बाहेर आल्यावर नाना हळूच म्हणाले, “मी तुमले बठ्ठं सांगेल व्हतं, भाऊ. तो कामवर नई व्हता. मना घरमा व्हता.” खरंच, त्यांनी सगळं सांगितलं होतं: तो त्यांच्या घरात होता.

मी दुरुस्ती अर्ज दिला. कोर्टाने तो फेटाळला. ही पश्चातबुद्धी आहे, म्हणजे मागाहून सुचलेली गोष्ट. मग मंजुरी मागितली. आठ महिन्यांनी नकार आला. कारण: कर्तव्य बजावताना सौम्य बळाचा वापर. फिर्याद तिथेच संपली.

वरच्या कोर्टात जाऊ, फी नको, असं मी म्हणालो. नानांनी नकारार्थी मान हलवली. आपली चूक झाली हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी मला दोष दिला नाही, तेच जास्त लागलं. पुढे नानांच्या पत्नी, अक्का, एकदा येऊन कागद घेऊन गेल्या. चहालाही थांबल्या नाहीत.

आता अधिकाऱ्याविरुद्ध फिर्याद लिहायची असेल, तर मारलं कसं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, किती वाजले होते आणि तो उभा कुठे होता.