प्रमिलाकाकूंचा माईक

प्रमिलाकाकूंच्या हातात माईक दिला की त्या आधी त्याचा वास घ्यायच्या. समोर कितीही माणसं बसलेली असोत, काकू माईकची जाळी नाकाजवळ नेत, डोळे बारीक करत आणि हलकेच म्हणत, "खर्रा खाऊन बोललं यात कोणीतरी." कधी तंबाखूऐवजी त्या जाळीतून अत्तर निघायचं, कधी कच्चा कांदा. एका लग्नात त्यांना निलगिरीचं तेल सापडलं, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना खरंच सर्दी झालेली निघाली. काकूंना त्याचा कोण आनंद झाला होता. घरी परतताना त्या रिक्षात तेच सांगत राहिल्या.

मी नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या वसाहतीत नव्याने राहायला आले, तेव्हा तिथे बायकांचा गाण्याचा एक गट होता. दर मंगळवारी दुपारी सभागृहात सराव चाले. पहिल्याच दिवशी मला गायला सांगितलं. मी सगळे करतात तसं माईकवर टिचकी मारली, मग फुंकर मारली. कोपऱ्यात बसलेल्या, साठीच्या पुढच्या एक बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि माईकवर हात ठेवून म्हणाल्या, "फुंकू नको वं. आत एक पातळ पडदा असते. नुसतं बोल, तो ऐकते." त्या प्रमिलाकाकू. मला राग आला नाही, कारण त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती. मांजराच्या पिल्लाला कसं उचलावं हे सांगावं, तसं त्या सांगत होत्या.

काकू मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. घरात मागाची खटखट इतकी, की लहानपणापासून सगळेच मोठ्याने बोलत. त्यामुळे आपला गळा उघडा झाला, असं त्या म्हणायच्या. पुढे नागपुरात सरकारी कचेरीत नोकरी केली, तिथल्या स्नेहसंमेलनांत गायल्या आणि निवृत्त होताना स्वतःचा माईक घेतला. वडिलांच्या मागावरचं मऊ सुती कापड घरात उरलं होतं, त्याची पिशवी शिवून तिच्यात तो ठेवत. कार्यक्रम झाला की वरची जाळी फिरवून काढायची, साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या मऊ ब्रशने धुवायची आणि सावलीत पार सुकू द्यायची. खालच्या भागाला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. ओली जाळी घाईने बसवणाऱ्यांची त्यांना फार चीड येई.

पण साफसफाईपेक्षाही त्यांना खरी ओढ होती ती आवाज कुठून येतो हे शोधण्याची. एकदा बासरी वाजवणारे एक गृहस्थ आमच्याकडे पाहुणे म्हणून आले. माईक त्यांच्या तोंडासमोर लावला, तर सुरांपेक्षा फुंकरच जास्त ऐकू येऊ लागली. काकूंनी माईक हातात घेतला आणि त्यांना वाजवत राहायला सांगून त्या बासरीच्या भोवती फिरू लागल्या. वरून, खालून, छिद्रांजवळून, पार टोकापासून. गृहस्थ संकोचले. तुम्हाला नेमकं काय हवंय, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "मले काय माहीत जी. करून तं पाहू." शेवटी फुंकरीच्या वाटेतून बाजूला, थोडा वर, बोटांकडे तोंड करून माईक धरल्यावर बासरी स्वच्छ ऐकू आली. त्यानंतर ढोलकी, पेटी, टाळ, जे हाती लागेल त्याच्याभोवती काकू माईक घेऊन फिरायच्या. पुष्कळदा काहीच साधायचं नाही. एकदा तर माईक स्पीकरसमोर आला आणि अशी काही शिट्टी वाजली, की खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले.

तीन-चार वर्षांपूर्वी काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठही साधी होती. पण त्यांचा आवाज गेला. असं कधीकधी होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गळ्यातल्या दोन पडद्यांपैकी एक हलेनासा झाला होता. व्यायाम करा, थोडाफार परत येईल, असं ते म्हणाले. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या गळ्यातून आता वाळलेल्या पानासारखी कुजबुज तेवढी निघे. काकू सरावाला यायच्या थांबल्या.

त्याहून अवघड गोष्ट त्यांच्या घरात झाली होती. काकूंचे यजमान, वामनकाका, कानाने अधू होते. कानातलं यंत्र त्यांनी आणलं होतं, पण त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटतात म्हणून ते कपाटात पडून असे. इतकी वर्षं त्यांची अडचण झाली नव्हती, कारण काकूंचा आवाज त्यांना यंत्राशिवायच ऐकू येई. आता तो बंद झाला. मी भेटायला गेले, तेव्हा दोघं खिडकीशी बसले होते. काकांनी मला सांगितलं, की ही काहीतरी सांगते, मी हो म्हणतो, आणि मग हिच्या तोंडाकडे पाहून कळतं की हो म्हणायचं नव्हतं. ते हसत म्हणाले, पण लगेच बाहेर पाहू लागले. काकू पाटीवर लिहून दाखवायच्या. काकांना जाड भिंगातूनही ते वाचायला वेळ लागे आणि तोवर सांगायची गोष्ट शिळी होऊन जाई.

काही आठवड्यांनी मी पुन्हा गेले, तर दार उघडंच होतं. आत काकू जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी छोटा स्पीकर, हातात माईक, समोर खुर्चीत काका. काकू माईक ओठांना जवळजवळ टेकवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला पाहून त्यांनी जवळ बसायची खूण केली आणि माईकमधूनच बोलल्या. आवाज जाड, खरखरीत, कुणा अनोळखी बाईचा होता. मी दचकले ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"अशी काय पाहून राहिली? माझाच हाय," त्या म्हणाल्या. "पण मलेही याची ओळख करून घ्या लागते ना."

मग त्यांनी मला सगळं करून दाखवलं. माईक वीतभर दूर असला की नुसती हवा ऐकू येई. ओठांशी आणला की त्याच कुजबुजीला खालचे सूर फुटत, आवाजाला अंग येई. पण इतक्या जवळून 'भ', 'फ' आणि 'प' आले की स्पीकर धपकन वाजे. म्हणून माईक जरा तिरपा, ओठांच्या कोपऱ्याशी धरायचा, म्हणजे श्वास बाजूने निघून जातो. नेमके पोळी, भाजी, भात, फोडणी हे स्वयंपाकघरातले शब्दच सगळे धपाधप वाजणारे, असा शोध त्यांना लागला होता, आणि त्या हसत होत्या. ते हसूही माईकमध्ये वाजलं. काका खुर्चीत पुढे झुकून म्हणाले, "हसली वं तू. ऐकलं मी."

तेव्हापासून त्या घरात माईकवर बोलणं सुरू झालं. वसाहतीतल्या आम्हा सगळ्यांना त्यांच्याकडचं सगळं कळू लागलं. आज वांगी आहेत, गोळी घेतली का जी, पारशिवनीच्या भाच्याचा फोन आला होता. सुरुवातीला लोक गॅलरीत उभे राहून हसत. मग सवय झाली. काका वरच्या पट्टीत उत्तर देत, आणि क्वचित भांडणही होई. तेही आम्ही ऐकत असू. मला तर ते ऐकून बरंच वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या नातीचं बारसं होतं. पाळणा म्हणायला आम्ही सगळ्या उत्साहाने उभ्या राहिलो, आणि आमच्या आवाजाने बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं. काकू स्वतःचा माईक घेऊन आल्या होत्या, पण गाणार नव्हत्या. सगळ्या गप्प झाल्यावर त्यांनी स्पीकर अगदी बारीक केला आणि पाळणा म्हणायला घेतला. सूर मोजकेच लागत होते. जिथे लागत नव्हते तिथे त्या शब्द नुसते बोलून पुढे जात. त्या घरात पंखा फिरत होता, तो कुणीतरी उठून बंद केला. मे महिन्यातल्या नागपुरात. बाळ काही झोपलं नाही, पण रडायचं थांबून आवाजाच्या दिशेने डोळे फिरवत राहिलं. त्यानंतरच्या मंगळवारपासून काकू पुन्हा सरावाला येऊ लागल्या.

गेल्या हिवाळ्यात वामनकाका गेले. आठवडाभर ते अतिदक्षता विभागात होते. मी नंतर काकूंकडे गेले, तेव्हा मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारावा की नाही कळत नव्हतं. तिथे माईक आणि स्पीकर नेता आला नसणार. मग त्या दोघांचं बोलणं झालं का? शेवटी मी विचारलंच.

काकू माईकशिवाय बोलत होत्या, म्हणून मी त्यांच्या अगदी जवळ सरकले. त्या म्हणाल्या, पहिले दोन दिवस त्यांना ओरडावंसं वाटे आणि ओरडता येत नसे. मग त्या काकांच्या उशीशी वाकल्या. ओठ कानाला लागतील इतक्या जवळ, पण जरा तिरप्या, श्वास कानात जाणार नाही अशा. आणि हळू बोलल्या. काकांनी डोळे उघडले.

"सगळं ऐकू आलं त्यायले," काकू म्हणाल्या. "मी थांबली की बोट हलवत, बोल म्हणून. चार दिवस बोलून राहिली होती मी."

मी विचारलं, काय बोललात.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता, जरासा मिस्कीलही. आयुष्यभर प्रत्येक आवाजाच्या मागे कुतूहलाने फिरलेल्या त्या बाईला माझं कुतूहल नक्कीच कळलं होतं.

"ते तेवढं त्यायच्यासाठीच होतं वं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.