परांचीवाले सर

आमच्या सरांइतका बेडर खोटारडा मी दुसरा पाहिला नाही आणि त्यांच्याइतका सफाईदार हातही पाहिला नाही. हातासाठी खोटेपणा माफ करायची सवय आम्हा विद्यार्थ्यांना लागली, याची मला आजही चीड येते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा खराब झाला, तर प्रयोगशाळेत पेशी वाढवून तिथे बसवायच्या, हे सरांचं संशोधन. पेशींना धरून ठेवायला रेशीम आणि जिलेटिनची पातळ फिल्म लागते. बांधकामाला गवंडी उभे राहायला बांधतात तशी, म्हणून सर तिला पेशींची परांची म्हणायचे. ती ओतायचे मात्र अशी, की शोधून बुडबुडा सापडू नये. कुणी पाहुणा आला की फिल्म पेपरवर ठेवून म्हणायचे, "पावणं, वाचा की!" पाहुणा आरपार बातमी वाचून थक्क व्हायचा. तिच्यावर पेशी चार दिवसही तग धरत नाहीत, हे सांगायचं सरांना कधी सुचलं नाही.

पेशी बकऱ्याच्या डोळ्यांतल्या. ते डोळे आणायला मी सकाळी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या मटणाच्या दुकानात जायची. दुकानदार हसायचा. "ताई, नुसतं डोळं कशाला? अख्खी मुंडी घ्या की, रस्सा झ्याक हुतोय." पेशी मेल्या की सर विचारायचे, "बकरं म्हातारं होतं काय?" कधी दोष लोडशेडिंगचा, कधी पाण्याचा, बहुतेक वेळा माझा. फिल्मचा कधीच नाही. "परांची तयार हाय की. गवंडीच टिकत न्हाईत, त्याला मी काय करू?" यावर आम्ही हसायचो. तेही आमचं चुकलंच.

मग पेपरात सरांचा फोटो आला आणि खाली, कोल्हापुरात डोळ्याचा पडदा तयार झाल्याची बातमी. ती कुणाकडून तरी वाचून घेऊन कागलहून एक मामा आले. उसाचं पातं लागून उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, डावा आधीच अधू. त्यांना पेपर वाचता येईना, म्हणून सरांनी फिल्म त्यांच्या तळहातावर ठेवली. "मामा, दुसऱ्याचा डोळा कशाला बसवून घेताय? तुमच्याच पेशी वाढवू. दिवाळीनंतर या." दिवाळीनंतर आले तेव्हा शिमग्यानंतर बोलावलं. असा निगरगट्ट माणूस.

शिमग्यानंतर मामा खुशीत आले. "सायेब, नेत्रपेढीतनं बोलावणं आलतं. माझा नंबर लागलाता. म्या म्हटलं, द्या दुसऱ्या कुणाला तर. आमचं सायेब करनार हाईत."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खरं बोलेल. सरांनी चष्मा पुसला. "बरं केलासा," म्हणाले, "पावसाळा झाल्यावर या." मामा हात जोडून निघाले. मी बाजूलाच उभी होते, "सावकाश जा, मामा," एवढंच म्हणाले. माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागलची एसटी धरली. मामा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मी सगळं सांगितलं. पेशी जगत नाहीत, कधीच जगल्या नव्हत्या, आजच्या आज नेत्रपेढीच्या यादीत पुन्हा नाव घाला.

मामांनी सरांना एक शिवीसुद्धा दिली नाही. माझ्या आवाजाकडे तोंड वळवून ते एवढंच म्हणाले, "काल तू हुतीस की तितं, पोरी."