ग्रेटेच्या गाण्यातली दोन कडवी

एका पेपराने नकाशा छापला होता: हृदय बंद पडलेली माणसं डेन्मार्कात कुठे किती वाचतात. कोपनहेगनकडचा भाग हिरवागार, आमचा पश्चिम किनारा लालभडक. "म्हणजे आम्ही काय मरायलाच जन्मलो?" असं म्हणून ग्रेटे बुंडगोरने दर बुधवारी गावच्या सभागृहात रबरी बाहुलीची छाती दाबायचा वर्ग काढला. वय चौऱ्याहत्तर, उभा जन्म बेकरीत गेलेला. कणीक मळून कमावलेले हात होते बाईचे.

आम्ही जायचो ते तिच्या केकसाठी. बाहुलीला हात लावायचो तोही तिची झोपमोड होऊ नये अशा बेताने.

"अरे हान्स, मेलीय ती! लाजतोस काय? दाब!"

"उगीच लागेल तिला," हान्स म्हणायचा. असली आमची जात.

ऑगस्टमध्ये तिच्या धाकट्या भावाची, आक्सेलची सत्तरी होती. दुपारचं जेवण, साठ पानं. वाढदिवसाला घरचं कुणीतरी गाणं रचतं, छापून वाटतं, आणि ते शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणावंच लागतं. मध्ये थांबलात तर रचणाऱ्याचा अपमान. ग्रेटेने चौदा कडवी पाडली होती.

आठव्या कडव्यात, शाळकरी आक्सेल गुरुजींच्या बुटात मासा कोंबतो तिथे, आक्सेलची मान छातीवर पडली. सगळ्यांनी पाहिलं. वाटलं, गहिवरला असेल, नाहीतर बिअर चढली असेल. आम्ही गात राहिलो. नववं झालं, दहावं झालं. अकरावं सुरू होताना त्याची बायको इंगा हळूच म्हणाली, "माफ करा हं, हा श्वास घेत नाहीये वाटतं."

वाटतं!

ग्रेटेने कागद भिरकावला. "मुडद्यांनो, फोन करा! हान्स, दुकानाच्या भिंतीवरचं शॉकचं मशीन आण, पळ!" आक्सेलला जमिनीवर ओढून तिने दाबायला सुरुवात केली. बरगडी कडकन वाजली. इंगा किंचाळली. "मोडू दे, जुळते ती!" मग बुधवारवाले आम्ही पाळीपाळीने दाबत राहिलो. हान्स सायकलवरून इतका धापा टाकत आला, की मशीन नेमकं कुणाला लावायचं असा प्रश्न पडावा. शॉक दिला. अॅम्ब्युलन्स पंचविसाव्या मिनिटाला आली. आमच्याकडे ती तेव्हाच येते.

आक्सेल वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला. ग्रेटे मात्र त्याच्याकडे फिरकेना. वर्गही बंद. शेवटी मीच तिला गाडीत घालून नेलं. ती कोटही न काढता पलंगापाशी बसली.

"आक्सेल, तुझी मान पडलेली मी पाहिली होती. तरी दोन कडवी गायले. गावाला शिकवणारी मी. माझं गाणं होतं ना, थांबवलं नाही."

आक्सेल कुशीवर वळून तिच्याकडे तोंड करून झाला.

"माझ्या छातीत पाचव्या कडव्यापासूनच दुखत होतं," तो म्हणाला. "म्हटलं, एवढं लिहिलंयस, संपू दे तुझं."

"गाढवा," ग्रेटे म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरून रडायला लागली.